बडे बाबूंचा आवाज

आमच्या कार्यालयातला संगणक सुरू व्हायला जेवढा वेळ घ्यायचा, तेवढ्यात बडे बाबू जगभरच्या तंत्रज्ञानाचा निकाल लावून मोकळे होत. बटण दाबायचं, खुर्चीत मागे रेलायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि मोबाईल हातभर लांब धरून त्यातली एक बातमी मोठ्यानं वाचायची. बातमी संपली की मत द्यायचं. पडद्यावर चित्रं उमटली की मतही संपायचं. मग "चला, टीसीवाले कोन हायेत, या," म्हणत दाखल्यासाठी थांबलेल्या पोरांना खिडकी उघडायची.

घडी घालता येणारा फोन निघाला, तेव्हा ते म्हणाले, "घडी घालून ठेवाले तो काय सदरा हाये?" पावलं मोजणाऱ्या घड्याळाबद्दल म्हणाले, "मी किती चाललो ते माहे गुडघे सांगतेत मले. फुकट." न विचारता होणाऱ्या अपडेटवर त्यांचा विशेष राग होता. "हा पाव्हना सांगून येत नाई. येते, आतून दार लावून घेते, घरच्यायले बाहेर उभं करते, अन् जाताना चमचे भलत्याच डब्यात ठेवून जाते." कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देणारं यंत्र आल्याची बातमी त्यांनी दोनदा वाचली होती. "ठावं नसलं तरी ते गप बसत नाई म्हनतेत," ते म्हणाले. "म्हंजे मानूसच झालं ते."

ते कारंज्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात मुख्य लिपिक होते. प्राचार्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना बडे बाबूच म्हणत. उंच, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. कॉलेजात पहिला संगणक आला तेव्हा तो बसवणाऱ्यानं सांगितलं होतं की या खोलीत चपला काढून यायचं. तेव्हा खोलीला पडदा होता, खाली गालिचा होता. पुढे संगणक प्रत्येक टेबलावर आले, पडदा गेला, गालिचा उंदरांनी नेला. पण बडे बाबू निवृत्त होईपर्यंत चपला दाराबाहेरच काढत राहिले. दुसऱ्यांना त्यांनी कधी तसं सांगितलं नाही. प्राचार्य बूट घालून आत आले की ते फक्त बुटांकडे बघत. प्राचार्यांचं बोलणं त्यामुळे नेहमी थोडक्यात आटपे.

मी इंझोरीहून एसटीनं यायची. रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझी प्रमाणपत्रं पाहिली नाहीत. मला एका जुन्या संगणकासमोर बसवलं. त्यात चौकोनांखाली बॉम्ब लपवलेला एक खेळ होता.

"खेळ," ते म्हणाले.

मी दोन-चार चौकोन उघडले आणि बॉम्ब फुटला.

"हे काहून दाबलं?"

"वाटलं."

"इथं वाटलं म्हून काई दाबाचं नाई. पगारबिल एकदा पाठवलं का परत येत नाई."

पहिला महिनाभर मला पगारबिलाला हात लावू दिला नाही. रोज डबा खाल्ल्यावर ते स्वतः तो खेळ एकदाच खेळत. जिंकले तरी दुसरा डाव नाही, हरले तरी नाही. पोरांच्या मोबाईलमधले गोळीबाराचे खेळ त्यांना अजिबात पटत नसत. "मेल्यावर परत उठते? मंग मेला कायले?" आणि पैसे लावून खेळायच्या खेळांना तर ते खेळच म्हणत नसत. हरल्यावर घरी येऊन नेहमीसारखं जेवता येतं तो खेळ, अशी त्यांची व्याख्या होती.

कॉपीराइटबद्दलही त्यांचं मत ठाम होतं, आणि ते आम्हाला एका भांडणातून कळलं. आमच्याकडच्या अर्थशास्त्राच्या सरांनी परीक्षेसाठी एक मार्गदर्शिका छापली होती. समोरच्या झेरॉक्सवाल्यानं तिच्या प्रती काढून विकायला सुरुवात केली. सर त्याला घेऊनच कार्यालयात आले.

"बाबू, हा गुन्हा आहे. तक्रार लिहा."

बडे बाबूंनी कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. "सांगा सर. पुस्तक कोनी लिहिलं?"

"मी."

"पूर्न?"

"म्हणजे... संकलन माझं आहे."

"कायचं संकलन?"

सरांनी दोन-तीन जाड पुस्तकांची नावं सांगितली.

"त्यायच्या लेखकायले विचारलं होतं?"

"असं कोणी विचारत नाही, बाबू."

बडे बाबू झेरॉक्सवाल्याकडे वळले. "तू सराले विचारलं होतं?"

"असं कोनी विचारत नाई, बाबू," तो म्हणाला.

पेनाला टोपण लागलं. सर पुढे कितीतरी दिवस आमच्या खिडकीवर आले नाहीत. बडे बाबूंना त्याचं काही वाटलं नाही. प्राचार्यांची झेंडावंदनाची भाषणं तेच लिहून देत आणि प्राचार्य ती वाचत असताना मागे उभे राहून, जणू पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्यानं टाळ्या वाजवत. "बोललो ते गेलं," ते म्हणत. "ज्याले सापडलं त्याचं."

आमच्या ग्रंथपालांना ते सापडलं. ग्रंथपाल तरुण होते, हौशी होते. त्यांनी एक दिवस पेनांच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला आणि बाबूंचं सकाळचं मत चित्रित केलं. मग रोजच करू लागले. वर "बडे बाबूचं मत" असं नाव टाकून इंटरनेटवर सोडू लागले. काही महिन्यांत कारंजा, मानोरा आणि आसपासच्या गावांत बाबूंचा आवाज घरोघरी पोचला. बाजारात भाजीवाल्या त्यांना हाक मारून थांबवत. एका कंडक्टरनं मला त्यांचं एक मत स्वतःचं म्हणून ऐकवलं. मी ते बाबूंना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "चांगलं झालं. तिकिटासंगं भेटते म्हनाव."

ग्रंथपालांनी भीतभीत विचारलं होतं, "बाबू, तुमची हरकत नाही ना?"

"हरकत कायची? मी दार लावून थोडीच बोलतो?"

मग एका सकाळी ग्रंथपालांनी मोबाईल डब्याला टेकवला नाही. सरळ बाबूंच्या हातात दिला. पडद्यावर बाबूच होते. तोच शर्ट, तीच खुर्ची, मागे आमचंच कपाट. ओठ हलत होते आणि आवाज येत होता: "मी तुमचा बडे बाबू बोलून राह्यलो. आजवर मी तुमाले कधी खोटं सांगतलं काय? हा गेम मी स्वतः खेळतो..." पुढे पैसे लावून खेळायच्या एका खेळाची जाहिरात होती.

बाबूंनी ते तीनदा ऐकलं. शेवटी ते म्हणाले, "मी 'स्वतः' म्हनत नाई. मी 'खुद' म्हनतो."

ग्रंथपालांनी समजावून सांगितलं की यंत्राला थोडा आवाज ऐकवला की ते त्या आवाजात वाटेल ते बोलतं. कोणी केलं ते सापडणं कठीण. बाबूंनी तीही बातमीच असल्यासारखी ऐकून घेतली. "म्हंजे मी घरी झोपलो असलो तरी तिकडं माही ड्युटी सुरूच," ते म्हणाले. आम्ही हसलो. तेही हसले. त्या दिवशीचं काम नेहमीसारखं झालं.

आठवडा-दीड आठवड्यानं एक माणूस खिडकीशी आला. तिशी-पस्तिशीचा, हातात मोबाईल. त्याला ना टीसी हवा होता, ना बोनाफाईड.

"बडे बाबू तुमीच काय?"

"मीच."

"जराक बोला बरं."

"काय बोलू?"

त्यानं मान हलवली. "हो. तुमीच हाये."

त्यानं मोबाईलवर ती जाहिरात लावली आणि ती संपेपर्यंत बाबूंच्या तोंडाकडे बघत राहिला. मग विचारलं, "हे तुमी बोलले काय?"

"नाई."

"आवाज तं तुमचाच हाये."

"हाये."

"मी भांडाले नाई आलो, बाबू. माही बायको म्हनते का बडे बाबू असं सांगूच शकत नाई. मी म्हनतो सांगतलं. तेवढं खरं-खोटं करून घ्याले आलो."

बाबूंनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. त्याचं नाव उत्तम. मानोऱ्याच्या पलीकडे एका तांड्यावर राहायचा. तांड्यातली बहुतेक घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. उत्तमनं काही वर्षांपूर्वी एक मोटरसायकल घेतली होती. तिच्यावर कपड्यांचं गाठोडं बांधून तो बाजारोबाजारी विकायचा, आणि तेव्हापासून त्यानं कोयता हाती घेतला नव्हता. बायको घरी राहायची, मुलगी मानोऱ्यात सातवीला होती.

"मोटरसायकल कुठं हाये?" बाबूंनी विचारलं.

"गेली. त्याच्यातच गेली. गठ्ठ्याचे कपडेबी गेले."

"आता?"

"ऊसतोडीच्या टोयीत नाव देल्लं."

"एकट्याचं?"

"एकट्याले कोन घेते? दोघायचं."

"अन् पोरगी?"

उत्तमनं कपातला उरलेला चहा बशीत ओतला आणि तो पिता पिता म्हणाला, "येईन संगं."

तो गेल्यावर बाबूंनी खिडकी लावून घेतली. बाहेर दोन-चार पोरं उभी होती. इतक्या वर्षांत त्यांनी वेळेआधी खिडकी लावलेली मी पाहिली नव्हती. डबा त्यांनी अर्धाच खाल्ला आणि जेवणानंतर संगणकाकडे गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं तक्रार नीट लिहून घेतली, जाहिरात काढायला कळवलंही. ती निघाली. मग वेगळ्याच नावानं पुन्हा आली. अधिकाऱ्यानं बाबूंना परत बोलावून घेतलं आणि सांगितलं की हे करणारे फार लांब बसलेले आहेत, आम्ही काढत राहू, ते टाकत राहतील.

ग्रंथपाल अपराधी चेहऱ्यानं फिरत होते. ते म्हणाले, "बाबू, आपणच एक व्हिडिओ टाकू. तुम्ही सरळ सांगा, तो मी नाही. सगळीकडे पोचेल."

"अन् लोकायनं कोनता बाबू खरा मानाव? दोघंबी फोनातच बोलून राह्यले."

"मग काय करायचं?"

"फोन जिथं गेला तिथं पाय घेऊन जा लागन."

रविवारी ते मानोऱ्याच्या एसटीत बसले. गाडी इंझोरीवरून जायची, म्हणून मी वाटेत चढले. मला त्यांनी बोलावलं नव्हतं. मला बघून ते नुसतं खिडकीकडे सरकले. मानोऱ्यापासून तांड्यापर्यंत आम्ही प्रवाशांनी खचाखच भरलेल्या ऑटोतून गेलो.

देवळाच्या ओट्यावर माणसं जमली. बाबूंना बघायला म्हणूनही पुष्कळ आली होती. उत्तम होता, त्याची बायको बाजूला बायकांत उभी होती, मुलगी तिला टेकून. बाबूंनी सांगितलं की जाहिरातीतला आवाज माझा आहे, बोलणं माझं नाही. लोकांनी ऐकून घेतलं. मग एका तरुणानं मोबाईल पुढे केला, जाहिरात लावली आणि ती संपल्यावर म्हणाला, "आता तुमी बोला."

बाबू बोलले. दोन दिवसांपासून त्यांचा घसा बसला होता, त्यात प्रवासाची धूळ.

"फोनातला जास्ती बडे बाबूवानी वाटते," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. उत्तमही हसला.

बाबू हसले नाहीत. म्हणाले, "त्याले काईतरी विचारा."

"कोनाले?"

"फोनातल्याले. मोटरसायकलचं काय कराचं ते विचारा."

तरुणानं मोबाईलकडे पाहिलं आणि तो खाली घेतला.

"बरं. आता मले विचारा."

विचारलं ते उत्तमच्या बायकोनं. डोक्यावरचा पदर सावरत ती दोन पावलं पुढे आली. "तुमी देसान काय परत?"

"मोटरसायकल मले देता येत नाई, बाई," बाबू म्हणाले. "तुमी तोडीवरून येतवर पोरीले माह्या घरी ठेवतो. कारंज्याच्या शाळेत नाव टाकतो. घरी विचारून आलो हाये."

उत्तमची बायको नवऱ्याशी त्यांच्या भाषेत बोलू लागली. बोलणं लांबलं. तो मान खाली घालून ऐकत होता, एखाद-दुसरा शब्द बोलत होता. मला काही कळत नव्हतं. मग ती बाबूंकडे वळली.

"घरी कोन कोन असते तुमच्या?"

"मी अन् माही बायको. पोरगा पुन्याले नोकरीवर हाये."

"मी येऊन पाहीन पह्यले."

"पाहा ना. पाहिल्याशिवाय पाठवूच नका."

परतताना मानोऱ्याच्या स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत बसलो होतो. मी विचारलं, "बाबू, यात तुमचा काय दोष?"

"दोष नाई," ते म्हणाले. आणि गाडी लागल्यावर, उठता उठता म्हणाले, "पन त्यानं माहं ऐकलं ना."

उत्तमची बायको खरंच आली. बाबूंच्या पत्नीनं मला नंतर ते सांगितलं. तिनं घर पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं, मुलीला द्यायच्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे का ते लावून पाहिलं. मग बाबूंच्या पत्नीसोबत बसून मेथी निवडली. जाताना म्हणाली, "तिले कारलं आवडत नाई." त्याच आठवड्यात मुलगी आली. तिचं नाव शीतल.

बाबू नंतरही काही रविवारी इतर तांड्यांवर आणि गावांत जात राहिले. कधी ऐकायला पन्नास माणसं असत, कधी पारावर दोन म्हातारे. एका गावात त्यांना सांगितलं गेलं की इथं कोणी तो खेळ खेळतच नाही, आणि ते निघाल्यावर एक जण मोटरसायकलवरून मागे आला, वाटेत थांबवून म्हणाला की मी खेळत होतो, आता बंद करतो. ती जाहिरात आणखी काही महिने कुठे ना कुठे दिसत राहिली. पुढे दिसेनाशी झाली. बाबूंच्या फेऱ्यांनी झाली असं मला म्हणता येत नाही. कदाचित त्या लोकांना दुसरा आवाज सापडला असेल.

कार्यालयातली सकाळची मतं मात्र बंद झाली. कोणी बंद करा म्हटलं नव्हतं. ग्रंथपालांनी मोबाईल आपणहून खिशात ठेवायला सुरुवात केली होती, जुनं सगळं काढूनही टाकलं होतं. तरी संगणक सुरू होईपर्यंत बाबू आता नुसते बसून राहत. ती दोन-तीन मिनिटं आम्हाला फार लांब वाटायची. एकदा मीच एक बातमी वाचून दाखवली, चालकाशिवाय चालणाऱ्या गाडीची. त्यांनी ऐकली, मोबाईल कुठे कुठे ठेवलेत ते सगळ्यांच्या टेबलांवर नजर फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "चालन. चालू द्या."

त्यांच्या पत्नीकडून कळलं की ती मतं आता घरी जेवताना होतात. शीतल सुरुवातीचे काही दिवस हूं की चूं करत नव्हती. मग एकदा बाबू चालकाशिवायच्या गाडीबद्दल काहीतरी म्हणाले, तर ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "पन मंग हात दाखवला तं ते थांबन काय?" तेव्हापासून ते रोज एक बातमी तिच्यासाठी घरी नेऊ लागले. त्यांच्या पत्नीचं म्हणणं, दोघं भांडतात, आणि भाकरी गार होते.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. उत्तम आणि त्याची बायको शीतलला न्यायला कारंज्याला आले. माझी संध्याकाळची गाडी तीच होती, म्हणून मी स्टँडवर होते. दोघंही उन्हानं काळवंडली होती. उत्तमच्या तळहातांची कातडी सोलवटली होती. शीतल मात्र थोडी उंच झाली होती, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. बाबू आणि त्यांची पत्नी तिला सोडायला आले होते. पत्नीच्या हातात लोणच्याची बरणी होती.

उत्तमनं लेकीला आपला मोबाईल दाखवला. काम संपल्यावर कुठेतरी जुना घेतला होता. "पाह, किती साफ फोटो येते याच्यात."

शीतलनं फोटो पाहिला, बापाकडे पाहिलं. "फोटो साफ येते," ती म्हणाली, "पन तुमी दुबळे झाले ते नाई दिसत."

उत्तमनं मोबाईल खिशात टाकला. मग बाबूंना म्हणाला, "हे तुमीच शिकवलं."

"नाई बावा," बाबू म्हणाले. "मी तं असं कधीच बोललो नाई. हे तिचं हाये."

आणि ते हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, पत्नीनं पाठीवर थोपटलं. त्या प्रकरणानंतर मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा पाहत होते.

गाडी लागली. उत्तमनं गाठोडं वर टाकलं, शीतल खिडकी धरून बसली. तिची आई खालीच उभी राहिली. लोणच्याची बरणी तिनं पदरात गुंडाळून घेतली होती. कंडक्टर घंटी वाजवत होता.

"बाबू," ती म्हणाली, "यंदाबी जा लागन आमाले. मोटरसायकल काई लगेच होत नाई."

बडे बाबू त्याच महिन्यात निवृत्त होणार होते.

"पाठवा," ते म्हणाले. "मी आता घरीच असतो."